आधी बूट, मग जॅकेट
गेल्या रविवारी पहाटे हडपसरच्या गाडीतळावर सासवडच्या बससाठी चार पोरं उभी होती, मल्हारगडाला निघालेली. जॅकेटं नवीकोरी, पण एकाच्या बुटाचा तळ पाटीसारखा गुळगुळीत. शेवाळलेल्या कातळावर असा बूट म्हणजे घसरगुंडीच! मल्हारगड तसा सोपा. पण तिथून निघालेलं मन लिंगाण्यासारख्या अवघड सुळक्यावर जातं, म्हणून स्पष्टच सांगते: पैसे आधी बुटांत घाला. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. जाड मोज्यांवर घालून बघा, बोटांपुढे जागा हवीच, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात. जीन्स घरीच ठेवा, भिजली की वाळता वाळत नाही. त्या पोरांपैकी दुसऱ्या एकाच्या सॅकला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी लटकत होती, ते पाहून मात्र पोटात गोळा आला. प्रस्तरारोहणाचा दोर पडणाऱ्याचा झटका ताणून झेलतो. ही दोरी झेलत नाही. पोरांना तिथेच बजावलं, तुम्हालाही सांगते: तिच्यावर जीव टांगू नका. आणि निघण्यापूर्वी कुठला गड, कुठली वाट, परतायची वेळ काय, हे घरी कागदावर लिहून ठेवा.