फोन कोणाची पावलं मोजतो?

हृदयरोगाच्या ओपीडीत हल्ली फाइलसोबत फोनही टेबलावर येतो. ‘डॉक्टर, काल नऊ हजार पावलं झाली बघा!’ आकडा टाकाऊ नाही, पण तो नक्की काय सांगतो?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने मार्च २०१५मध्ये ‘मायहार्ट काउंट्स’ हे आयफोनवरचं अ‍ॅप आणलं. रुग्णालयात न बोलावता लोकांचं हृदयाचं आरोग्य अभ्यासायचं, ही कल्पना. सात महिन्यांत ४८,९६८ जणांनी संमती दिली. सहा मिनिटं चालण्याची चाचणी मात्र ४,९९० जणांनीच पूर्ण केली. सहभागींचं मध्यक वय ३६ आणि शंभरात ८२ पुरुष. म्हणजे ज्यांना मोजण्याची गरज कमी, तेच जास्त मोजले गेले. मात्र स्वतःच्या हालचालीबद्दलचा लोकांचा अंदाज आणि फोनमधली नोंद यांचा फारसा मेळ बसला नाही, हेही त्यात दिसलं. ‘दिवसभर पायाला भिंगरी असते हो’ हे उत्तर ऐकणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला त्याचं नवल वाटणार नाही.

आपल्याकडे पेच वेगळाच. फोन जवळ असेल तेवढंच तो मोजतो. पहाटेपासून पाणी भरणाऱ्या, ओट्याशी उभ्या असणाऱ्या बाईचा फोन चार्जिंगला असतो. खुरपणी करणारीचा बांधावरच्या पिशवीत. दोघींच्या नावावर पावलं जवळपास शून्य!

खरा उपयोग आहे तो निदान झालेल्या, दूरच्या रुग्णाला. हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेला माणूस सहा मिनिटांत किती मीटर चालतो, हा मोलाचा आकडा. चाचणी साधी: सुमारे ३० मीटरचा सपाट पट्टा, आपल्या वेगाने चालायचं, धावायचं नाही, दम लागला तर थांबायचं. दोन महिन्यांत अंतर बरंच घटलं, तर तालुक्याहून एसटीने येण्याआधीच औषधांचा विचार करता येतो. त्यासाठी प्रत्येकाकडे महागडा फोन कशाला? गावच्या आरोग्यसेविकेकडे एक असला तरी पुरे; नाहीतर खडूची रेघ आणि घड्याळ आहेच. सरकारी योजनांनी पैसा इथे घालावा, शहरी तरुणांच्या पावलांच्या स्पर्धांत नव्हे.

महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, त्याने ही चाचणी घरी करूच नये. आणि छातीत कळ, घाम, डाव्या हातात वेदना असताना फोनवर नाडी बघत बसू नये. तिथे बारा लीडचा ईसीजी लागतो, तोही ताबडतोब. फोनवरून १०८ लावावा.