पाच पेट्या आणि दोन कान

कला अकादमीचं नाट्यगृह नूतनीकरणानंतर २०२३ साली पुन्हा उघडलं आणि तिथल्या ध्वनिव्यवस्थेबद्दल कलाकारांनी जाहीर तक्रारी केल्या. वर्तमानपत्रांत पत्रं आली, हॉटेलात चहाच्या टेबलावर वाद झाले. आमच्या कचेरीतही झाले. त्यात सगळ्यात तावातावाने बोलणारे आमचे एक सहकारी होते. "पूर्वी शेवटच्या रांगेत बसलं तरी सुईसुद्धा पडलेली ऐकू यायची!" असं ते प्रत्येकाला सांगत होते. बरोबरच होतं त्यांचं.

पुढच्या चवथीला याच गृहस्थांच्या घरी गेलो. माटोळी सुरेख बांधलेली. आणि समोरच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, पाच स्पीकर एका रांगेत मांडलेले! मागे लावायचे दोन स्पीकरही पुढेच. का, तर वायर कमी पडली आणि "भिंतीला भोकं पाडायला बायको देत नाही." सहावा तो बुंबुम करणारा डबा कोपऱ्यात, वर फुलदाणी. त्यातून रेकॉर्ड केलेली आरती चालू होती आणि घुमट खुंटीला लटकत होतं. प्रत्येक ठोक्याला फुलदाणी थरथरत होती.

नाट्यगृहाच्या ध्वनीसाठी भांडणाऱ्या माणसाला आपल्या बसायच्या खोलीतला आवाज कसा येतो याची फिकीर नसावी, हे मला झोंबलं. म्हणून हा लेख.

मी स्वतः मोठा शहाणा आहे असं नाही. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा मीही धावत जाऊन असाच एक होम थिएटरचा खोका उचलून आणला होता. दुकानदार म्हणाला, "बाब, हजारो वॅट आहेत, घर हलेल!" घर हलावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती, तरी मी पैसे मोजले. खोक्यावर जो मोठा आकडा छापलेला असे तो 'पीएमपीओ'चा. हा आकडा कसा काढावा याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. ज्याला जेवढा हवा तेवढा तो फुगवतो. बघायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकतं तो. तो पाहिला तर हजारोंचे दहा-वीस होतात. बी.ए.ला साहित्य शिकलेल्या मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पण हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवणाऱ्या कारकुनाने तरी आकडा कशाचा आहे हे विचारायला नको होतं का?

खरी फजिती पुढेच झाली. आईने हौसेने सिनेमा लावायला सांगितला. दहा मिनिटं ऐकून म्हणाली, "अरे, हे उलयतात कितें तें कळना." मी आवाज वाढवला. गाड्या, बंदुका, पाऊस सगळं वाढलं, बोलणं तसंच. ती उठून आत गेली. मी मनात म्हटलं, वय झालं, ऐकू कमी येतं. वर्ष-दीड वर्ष मी असंच समजत होतो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते. कारण दोष तिच्या कानांत नव्हताच. सिनेमातलं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं, आणि तो मी टीव्हीखालच्या कपाटात, काचेच्या दारामागे कोंबला होता. एक दिवस झाडलोट करताना तो बाहेर काढला, कपाटाच्या कडेला पुढे ठेवला, खाली लाकडाचा छोटा तुकडा देऊन तोंड वर, बसणाऱ्याच्या कानाकडे केलं. आई त्या संध्याकाळी शेवटपर्यंत बसली. खर्च, शून्य रुपये.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं हे, की आपण वस्तू विकत घेतो, मांडणी घेत नाही. आणि ऐकू येते ती मांडणी. तिचे नियम काही गुप्त नाहीत. पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण २२ ते ३० अंशांवर, कानाच्या उंचीला. मागचे म्हणतात ते दोन खरं तर अगदी मागे नसतातच. ते ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या किंचित मागे आणि कानांहून थोडे वर. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तो बुंबुम डबा कुठेही चालतो असं दुकानदार सांगतो. दिशा कळत नाही हे खरं, पण कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती तो आवाज फुगवतात. तो डबा एकदा आपल्या बसायच्या जागी ठेवावा, गाणं लावावं आणि खोलीभर वाकून, रांगत ऐकत फिरावं. जिथे तो आवाज गोल, स्वच्छ वाटेल तिथे डब्याची जागा. घरचे हसतील. हसू द्यावं.

वायरीची लाल-काळी टोकं एखाद्या स्पीकरला उलटी लागली तर दोन्हींचा खर्ज एकमेकांना मारतो, हेही तपासावं. आणि आपल्या हवेत एक गोष्ट जास्तीची. पडद्याच्या कडेची गोल पट्टी फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते. रबराची टिकते. पावसाळ्यात टोकांना गंज चढतो, तो पुसावा.

आता खोलीबद्दल. जुन्या चिरेबंदी घरात मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर असतं. तिथे हल्ली 'डॉल्बी अ‍ॅटमॉस'च्या नावाने वर तोंड केलेले स्पीकर विकतात. छतावर आवाज आपटून खाली यावा अशी ती युक्ती, आणि तिला सपाट छत लागतं. कौलांच्या उतारावरून आवाज भलतीकडेच जायचा. नव्या फ्लॅटमध्ये छत सपाट, पण खाली गुळगुळीत फरशी, समोर काच, भिंती उघड्या. टाळी वाजवून बघा, झणझण ऐकू येईल. तिथे सहा स्पीकर आणण्याआधी एक जाजम आणि जाड पडदे आणावेत. पण जाजमाचं कौतुक पाहुणा करत नाही, म्हणून आपण ते आणत नाही.

यावर कोणी म्हणेल, आजचा सिनेमा पाच-सहा वाहिन्यांसाठीच केलेला असतो, मग तो तसा ऐकायला नको? जरूर ऐकावा. ज्याला खोली आहे, वायर ओढायची तयारी आहे आणि सिनेमाची खरी आवड आहे, त्याने पाचही स्पीकर योग्य जागी लावावेत. त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ज्यांच्या घरी दिवसभर बातम्या, मालिका, अभंग आणि नाट्यगीतं चालतात त्यांच्याशी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांशी.

केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ती तबकडी एकाच वाहिनीची, साडेतीन मिनिटांची. अभिषेकीबुवांनी संगीत दिलेल्या 'कट्यार काळजात घुसली'ची १९६७ सालची पदं घ्या, तीही पाच वाहिन्यांची नव्हेत. असा आवाज 'सराउंड'चं बटण दाबून पाच ठिकाणी वाटला की गाणारा माणूस खोलीत कुठे बसलाय तेच कळेनासं होतं. त्याच पैशांत दोन चांगले स्पीकर घ्या, नीट मांडा, ते बटण बंद ठेवा. केसरबाई समोर येऊन बसतील. मधला स्पीकर पुढे केव्हातरी, मागचे त्याहूनही नंतर.

आणि शेजाऱ्याचं काय? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. आपल्या हद्दीच्या कडेला खासगी यंत्राचा आवाज त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त चढता कामा नये. पार्ट्यांच्या गोंगाटाविरुद्ध सह्या गोळा करताना आपल्याला हे नियम आठवतात. घरातला खर्ज भिंत ओलांडून पलीकडच्या आजारी माणसाच्या उशाशी पोचतो तेव्हा आठवत नाहीत.

असो. शेवटी पुन्हा त्या खुंटीवरच्या घुमटाकडे येतो. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आहे, बकऱ्याच्या कातड्याचं वाजवता येतं, त्यामुळे तीही सबब उरली नाही. मडक्यातून निघणारा तो खर्ज आणि त्याला प्रत्युत्तर देणारं शामेळ, दोन्ही आपल्या हातचं. सहकाऱ्यांच्या घरी त्या दिवशी तीन पिढ्या हजर होत्या, आणि यंत्र आरती म्हणत असताना सगळे नुसते टाळ्या वाजवत उभे होते. निम्म्यांना शब्द येत होते. तोंड कोणीच उघडलं नाही. त्या गडगडाटात उघडून ऐकणार तरी कोण होतं?

सिनेमाला हवे तेवढे स्पीकर लावा. आरतीला मात्र वीज बंद करा आणि घुमट खाली काढा. वाजवायला येत नसेल तर वाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला हाक मारा. त्यांना येतं, आणि बरेच दिवसांत कोणी बोलावलेलं नसतं.