वाळवंटाचा वारसा आणि मिरजेचा दवाखाना

मिरजेला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती मुख्यतः दवाखान्यातून. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले. वानलेसवाडी आजही त्यांचे नाव चालवते. रोग्याच्या उशाशी उभा राहतो तोच खरा ख्रिस्तसेवक, अशी आपली समजूत झाली आहे. मग इजिप्तच्या वाळवंटात जन्म काढणारा संत अँथनी कामचुकार वाटणारच. (पादुआचा अँथनी वेगळा, जवळपास नऊशे वर्षांनंतरचा.) पण सेवा आणि एकांत यांची अशी फारकत इतिहासाला धरून नाही.

अँथनीचे चरित्र लिहिले अलेक्झांड्रियाच्या बिशप अथानासियसने. ते भक्ताने लिहिलेले, त्यात सैतानाशी झुंजीही भरपूर. त्यावर किती विश्वास ठेवायचा, हा आक्षेप रास्तच आहे. झुंजी सोडून देऊ. उरते तेही थोडके नाही. आईबाप गेल्यावर विशीच्या आसपासच्या या तरुणाने सुमारे दोनशे एकर वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. पुढे ओसाड गढीत वीस वर्षे काढली. मात्र ३११ च्या सुमारास ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा तो अलेक्झांड्रियात आला आणि तुरुंगात व खाणींत डांबलेल्यांची सेवा करू लागला. म्हातारपणी डोंगराच्या पायथ्याशी त्याने स्वतः धान्य पेरले, कारण आपली भाकर दुसऱ्याने वाहून आणावी हे त्याला पटेना. येणाऱ्या पाहुण्यांसाठी थोडा भाजीपालाही लावला. ती भाजी जनावरे तुडवीत, तेव्हा त्यांचीही त्याने समजूतच घातली म्हणे! धाकट्या बहिणीला मात्र त्याने व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवले. तिला काय वाटले, हे चरित्रकाराने विचारलेले नाही, आणि या बाबतीत अँथनीची बाजू घेणे मला जमत नाही.

एकांतावरचा सर्वांत नेमका आक्षेप त्याच शतकातल्या बेसिलचा: एकटा राहणारा पाय कुणाचे धुणार? पण विचारणारा स्वतः विरक्त होता, इजिप्तचे तपस्वी पाहून आलेला. ३७० च्या सुमारास त्याने सिझेरियाबाहेर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीजवळ, रोगी, निराधार आणि कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली. इतिहासकार तिची गणना पहिल्या रुग्णालयांत करतात. बेसिलने वैराग्य टाकले नाही, कामाला लावले. ज्या रोग्याला घरचे शिवत नव्हते, त्याच्याजवळ बसणारी माणसे त्या वेळी आणखी कुठून मिळाली असती?

वानलेस प्रेस्बिटेरियन होते, त्यांच्या पंथात मठ नाहीत, असे कुणी म्हणेल. खरे आहे, त्यांना बेसिलचे शिष्य ठरवण्याचे कारण नाही. त्यांनी चालवलेल्या संस्थेचे मूळ मात्र मठातच सापडते. प्रॉटेस्टंट मिशनच्या मुशीतूनही वैराग्याची ओढ सुटली नव्हती, याचा दाखला मिरजेपासून फार लांब नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. संन्यासी म्हणवून घेतानाही लक्ष्मीबाईंशी मांडलेला संसार त्यांनी मोडला नव्हता.