फ्रेमवर्कमध्ये आयतं किती असावं?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय पक्का झाला, की ग्रुपमधला पुढचा वाद ठरलेला: जँगो घ्यायचं की फ्लास्क? एकाला सगळं आयतं हवं, दुसऱ्याला हलकं. पण खरा प्रश्न असा, की फ्रेमवर्कनं तयार काय द्यावं आणि आपल्यावर काय सोडावं?

जँगो चक्क एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलंय. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’साठी काम करताना २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते बनवायला घेतलं. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातम्यांची साइट झटपट उभी करायची, म्हणून लॉगिन, अ‍ॅडमिन, डेटाबेस सगळं सोबतच. आर्मिन रोनाखरचं फ्लास्क २०१० मध्ये एप्रिल फूलच्या गमतीतून सुरू झालं. त्यात डेटाबेस नाही, लॉगिनही नाही. लागेल ते आपण जोडायचं.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. समजा, तुम्ही ऊसतोड मजुरांच्या उचलीचा हिशोब ठेवणारी साइट करताय. कोणत्या कोयत्यानं किती उचल घेतली, किती फिटली, सगळं त्यात. पासवर्ड जसाच्या तसा साठवला आणि कुणी परस्पर आकडा बदलला, तर तुमचे चार मार्क जातील. मजुराच्या अंगावर मात्र न घेतलेली उचल चढेल.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. जे जवळपास प्रत्येक साइटला लागतं आणि चुकलं तर भुर्दंड दुसऱ्यालाच बसतो, ते फ्रेमवर्कमध्येच असावं. पासवर्डची सुरक्षित साठवण, बनावट फॉर्म अडवणं, कुणाला काय बघता येईल हे ठरवणं, हे त्यात आलंच. आवडीनिवडीचं बाहेर राहू द्या. जँगोमध्ये पूर्वी कमेंट्सची सोयही होती. २०१५ च्या १.८ आवृत्तीत ती काढली गेली. आत घेतलेली प्रत्येक सोय कुणाला तरी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते ना!

याचा अर्थ फ्लास्क वाईट असा नाही. वेब आतून कसं चालतं हे शिकायला ते झकासच. फक्त हलकं फ्रेमवर्क म्हणजे कमी काम, हा गैरसमज काढून टाका. जे त्यात नाही, ते तुमच्याच गळ्यात पडतं.

तेव्हा फ्रेमवर्क निवडण्याआधी एक कागद घ्या. तुमच्या साइटवर कुणाची माहिती असेल आणि ती फुटली तर कुणाचं नुकसान होईल, एवढंच लिहा. निम्मा वाद तिथंच मिटेल.