पस्तीस विजय आणि मधली पाच वर्षं

3 जुलै 2024ची रात्र. नऊ वाजले असतील. जेवणं उरकून मी ओटा पुसत होते आणि बाहेरच्या खोलीतून मुलगा ओरडला, ‘‘आई, पस्तिसावा!’’ मला वाटलं, क्रिकेटचं काहीतरी असेल. आपल्याकडे मुलं एरवी कशासाठी ओरडणार? तर म्हणे, ‘‘क्रिकेट नाही गं, सायकल. मार्क कॅव्हेंडिश जिंकला.’’

हात पुसत पुसत मी त्याच्या मोबाइलमध्ये डोकावले. एकोणचाळीस वर्षांचा एक माणूस बायकोमुलांना मिठी मारत होता. ज्यांना त्याने हरवलं तेही येऊन त्याची पाठ थोपटत होते. मुलगा म्हणाला, ‘‘चार वर्षांपूर्वी हाच माणूस टीव्हीवाल्यांसमोर रडला होता. बहुतेक ही माझी शेवटची शर्यत, असं म्हणाला होता.’’

मैत्रिणींनो, तो विक्रम मला फारसा कळला नाही, पण हे वाक्य डोक्यात राहिलं. मग मुलाकडूनच शोधून घेतलं, वाचलं. कॅव्हेंडिश नोव्हेंबर 2024मध्ये निवृत्त झाला. पण दर जुलैत फ्रान्समधली ती शर्यत सुरू झाली की त्याचं नाव निघतंच. खेळाच्या पानावर विजयांची यादी येते. मधल्या वर्षांबद्दल तिथे फार लिहीत नाहीत, म्हणून ते आपल्या पानावर लिहावंसं वाटलं.

आधी ही शर्यत काय असते ते सांगते. ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलची जगातली सगळ्यात मोठी शर्यत. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. एका संघात आठ जण. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून जो सर्वात कमी वेळात येतो त्याला पिवळी जर्सी. पण रोजच्या टप्प्याचाही एक विजेता असतो, आणि गुणांमध्ये जो पुढे त्याला हिरवी जर्सी मिळते. कॅव्हेंडिश हा टप्पे जिंकणारा गडी. याला ‘स्प्रिंटर’ म्हणतात. सपाट रस्त्यावर सगळा घोळका एकत्र शेवटाकडे येतो, तेव्हा अखेरच्या दोनेकशे मीटरमध्ये जो सुसाट सुटतो तो हा. तेव्हा वेग ताशी 65-70 किलोमीटरच्या घरात असतो. आपल्या गावात मोटारसायकलवाला या वेगाने गेला तरी आपण मुलांचा हात घट्ट धरतो!

आता यातली खरी गंमत ऐका. सायकलवाल्याला सगळ्यात जास्त दमवतो तो समोरचा वारा. पुढे चालवणारा तो अंगावर घेतो आणि त्याच्या मागे चालणाऱ्याची ताकद वाचते. म्हणून संघातले सोबती स्प्रिंटरला दिवसभर आपल्या आडोशाला ठेवतात. शेवटच्या काही किलोमीटरांत एकेक जण पुढे होतो, जीव तोडून पायडल मारतो आणि दमला की बाजूला सरतो. सगळ्यात शेवटच्या सोबत्याने वाट मोकळी केली की उरलेलं अंतर स्प्रिंटरचं. फोटोत मात्र हात वर केलेला तो एकटाच. हे वाचलं आणि मला आपल्याकडची लग्नकार्यं आठवली. मांडवात सत्कार होतो यजमानांचा, आणि चार दिवस चुलीपुढे राबलेल्या काकू-मावश्या व्हिडिओत कुठेच नसतात.

मार्कचा जन्म 1985चा, ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावरचा. अख्ख्या बेटाची लोकसंख्या चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. शाळा संपल्यावर सायकलिंगसाठी पैसे साठवायचे म्हणून त्याने दोन वर्षं बँकेत नोकरी केली. प्रयोगशाळेत जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर ताकद मोजतात, त्या चाचणीत त्याचे आकडे काही खास नव्हते. आकड्यांवर निवड झाली असती तर तो तिथेच राहिला असता. पण रॉड एलिंगवर्थ नावाच्या प्रशिक्षकाने त्याला ब्रिटिश सायकलिंगच्या अकादमीत घेतलं, कारण हा मुलगा रस्त्यावर जिंकतो हे त्याला दिसत होतं. मार्कांवरून मुलांची किंमत ठरवणाऱ्या आपणा आईबापांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पुढे त्याने धडाकाच लावला. 2008मध्ये टूरमधले चार टप्पे, 2009मध्ये सहा, 2010 आणि 2011मध्ये पाच-पाच. 2011मध्ये हिरवी जर्सी आणि त्याच वर्षी कोपनहेगनला जगज्जेतेपद. पॅरिसच्या शांज एलिझे या झगमगत्या रस्त्यावर शर्यतीचा शेवटचा टप्पा संपायचा. तो त्याने 2009 ते 2012 असा लागोपाठ चार वर्षं जिंकला. 2014मध्ये टूरची सुरुवात इंग्लंडमधून झाली. पहिलाच टप्पा हॅरोगेटला, म्हणजे त्याच्या आईच्या गावी, संपणार होता. तिथे घाईत धडक देऊन तो पडला, खांदा गेला. चूक माझीच होती, असं त्याने कबूलही केलं. 2016 संपेपर्यंत त्याचे टूरमधले विजय तीस झाले होते. एडी मर्क्स या बेल्जियमच्या थोर सायकलपटूचा चौतीस विजयांचा विक्रम 1975पासून कुणी गाठला नव्हता. अजून एकदोन वर्षांत हा गाठणार, असंच सगळे धरून चालले होते.

आणि गाडी थांबली. 2017मध्ये त्याला एपस्टाइन-बार या विषाणूचा आजार असल्याचं निघालं. यात महिनोन्महिने थकवा जात नाही. त्याच वर्षी टूरमध्ये पडून खांद्याचं हाड मोडलं. 2018मध्ये डोंगरातल्या टप्प्यात तो ठरलेल्या वेळेत पोहोचू शकला नाही आणि शर्यतीबाहेर गेला. त्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी आणखी एक निदान केलं, नैराश्याचं. 2019 आणि 2020मध्ये तर टूरसाठी त्याची निवडच झाली नाही. फेब्रुवारी 2018 ते एप्रिल 2021, तीन वर्षांत एकही विजय नाही. ‘संपला बिचारा’ असं लोक उघड म्हणू लागले.

नैराश्याचं निदान 2018चं, पण त्याने ते जगाला सांगितलं 2020मध्ये. ज्याच्याभोवती डॉक्टरांची फौज, घरी समंजस बायको, त्यालाही सांगायला दीड-दोन वर्षं लागली. मग आपल्या गल्लीतल्या सुनेने कुणाला सांगायचं?

महिला मंडळाच्या कामातला एक अनुभव सांगते. एक मुलगी, हुशार, बारावीला होती. हळूहळू कॉलेजला जाईना, केस विंचरेना, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घरचे म्हणायचे, ‘‘नखरे आहेत, अभ्यास नको म्हणून.’’ आजी म्हणायची, ‘‘कुणाची तरी नजर लागली.’’ परीक्षेला ती बसलीच नाही. खरं सांगते, पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मीही तिला ‘‘अगं, जरा मन घट्ट कर’’ एवढंच सांगून आले. कावीळ झालेल्या मुलीला आपण ‘मन घट्ट कर’ म्हणतो का? तिला दवाखान्यात नेतो. नैराश्य हाही आजारच आहे, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेला तोंडून निघणं वेगळं.

पुन्हा मार्ककडे वळते. ऑक्टोबर 2020मध्ये बेल्जियममधल्या एका शर्यतीनंतर तो रडला, तोच हा प्रसंग. पुढच्या वर्षासाठी त्याच्या हातात करार नव्हता. त्याच्या जुन्या बेल्जियन संघाने त्याला परत घेतलं, तेही अगदी किमान वेतनावर, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. एकेकाळच्या जगज्जेत्याने हे पत्करलं. एप्रिल 2021मध्ये तुर्कस्तानच्या शर्यतीत त्याने चार टप्पे जिंकले. तरी टूरच्या संघात तो नव्हताच. तिथे सॅम बेनेट जाणार होता. बेनेटचा गुडघा दुखावला आणि आयत्या वेळी मार्कला बोलावणं आलं. 29 जूनला फुजेर या गावी तो जिंकला. मग शातोरू, वॅलॉन्स आणि कारकासोन. चार विजय, एकूण चौतीस, मर्क्सची बरोबरी आणि वर हिरवी जर्सी. त्यातलं शातोरू म्हणजे 2008मध्ये त्याने टूरमधला पहिला टप्पा जिंकला ते गाव.

या विजयांत सोबत्यांचा वाटा मोठा. मायकेल मोर्कोव हा डेन्मार्कचा सायकलपटू अखेरच्या क्षणी त्याला नेमकी वाट काढून द्यायचा. डोंगरातल्या टप्प्यांत स्प्रिंटरचे हाल असतात. तेव्हा संघातले इतर जण स्वतःचा वेग मारून त्याच्यासोबत चालले. तीन्य या डोंगरी गावी तो वेळेच्या मर्यादेत पोहोचला तो जेमतेम दीड मिनिट राखून.

सगळंच गोडगोड होतं असं मात्र समजू नका. याच शर्यतीत तो संघाच्या मेकॅनिकवर कॅमेऱ्यासमोर खेकसला आणि नंतर माफी मागितली. आजारातून उठलेला माणूस एकदम संत होत नाही. घरात कुणी बरं होत असेल तर त्याचा चिडकेपणाही थोडा सोसावा लागतो. मात्र त्याने माफी मागायला हवी, हेही तितकंच खरं.

पुढच्याच वर्षी, 2022मध्ये, हिरवी जर्सी जिंकलेल्या याच माणसाला संघाने टूरला नेलं नाही. 2023मध्ये नव्या संघातून गेला, बोर्दोला दुसरा आला आणि दुसऱ्या दिवशी पडून गळ्याजवळचं हाड मोडलं. निवृत्ती तर आधीच जाहीर केली होती. पण संघ म्हणाला, आणखी एक वर्ष राहा. 2024च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी उन्हाने त्याला उलट्या झाल्या. सोबती मागे थांबले, त्याला सांभाळून शेवटापर्यंत घेऊन आले. चार दिवसांनी सॅं-व्हुल्बास या गावी पस्तिसावा विजय मिळाला. मोर्कोव तेव्हाही संघात होता.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा? ‘जिद्द असली की सगळं होतं’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मला ते पटत नाही. जिद्द मार्ककडे 2019मध्येही असणारच, पण जिंकला नाही. 2021मध्ये फरक पडला तो तीन गोष्टींमुळे. आजाराला आजाराचं नाव मिळालं आणि उपचार झाले. कुणीतरी जागा दिली, भले कमी पैशांत. आणि वारा अंगावर घेणारी माणसं पुढे होती. शिवाय नशीबही होतंच, कारण बेनेटचा गुडघा दुखला नसता तर ही गोष्ट मी लिहिलीच नसती. अशा किती जणांना बोलावणं आलंच नसेल, हाही विचार मनात येतो. मार्कला पैसा होता, नाव होतं. ज्यांना दोन्ही नाही त्यांना जागा कोण करून देणार?

तुम्ही विचाराल, यात बायका कुठे? बायकांसाठीही टूर होती. टूरच्याच आयोजकांनी 1984 ते 1989 ती भरवली आणि बंद केली. ती पुन्हा सुरू झाली थेट 2022मध्ये. तेहतीस वर्षं! तेवढ्यात एका पिढीची उमेद सरून जाते. त्या नव्या टूरचा पहिला टप्पा पॅरिसमध्येच, शांज एलिझेवर संपला आणि नेदरलँड्सची लोरेना वीबेस ही स्प्रिंटर तो जिंकली. पुरुषाला दुसरी संधी मिळायला पाच वर्षं लागली, ती आपल्याला फार वाटतात. या बायकांचा तर रस्ताच बंद होता.

म्हणून सांगते, घरात कुणी गप्प गप्प झालं, झोप उडाली, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टीतही जीव रमेना, आणि असे आठवडे लोटले, तर ‘नखरे’ म्हणू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची तपासणी होते. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा आहे. नंबर 14416. पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर फ्रीजवर, नाहीतर कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्वतःसाठीही लागू शकतो, यात लाज कसली?

आणि ती मुलगी? दुसऱ्या खेपेला मी तिच्या आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. औषधं सुरू झाली. वेळ लागला, मधे एकदा पुन्हा बिघडलंही. तिची धाकटी चुलती रोज संध्याकाळी तिला फिरायला न्यायची. घरच्यांच्या टोमण्यांना उत्तरंही तीच द्यायची. यंदा त्या मुलीने सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बारावीला बाहेरून बसणार आहे. निकाल काय लागेल, मला सांगता येणार नाही. पण फॉर्म भरायला रांगेत तिच्यापुढे उभी होती ती चुलतीच. तिचं नाव कुठल्याही निकालात छापून येणार नाही, म्हणून निदान इथे तिची आठवण काढली.