वळणावर गाडी का झुकते

गेल्या अंकात टायरच्या हवेविषयी लिहिलं, आणि विचारणा आली ती भलत्याच गोष्टीची. "स्टॅबिलायझर बार जाड टाकला की गाडी घाटात डुलत नाही म्हणतात. खरं काय? टाकू का?" विचारणारे बहुतेक वडिलांची सेडान चालवणारे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चोर्ल्यातून गोव्याला उतरणारे. बेळगावात राहायचं आणि घाटाशी संबंध नाही, असं होतच नाही. चोर्ला नाही तर अनमोड, तो नाही तर आंबोली.

मी स्वतः हे काम आमच्या गाडीवर करून घेतलं आहे. त्यामुळे यावेळी त्याच्यावरच लिहितो. आमची गाडी म्हणजे २०१० सालची सिव्हिक, सेकंडहँड घेतलेली. कारण मात्र वेगाची हौस हे नव्हतं. ताई म्हापशाला असते, तिला बाळ झालं, आणि आई जायला तयार नव्हती. जांबोटीपर्यंत ठीक असते, कणकुंबी सोडली की पदराचं टोक तोंडावर जातं आणि मग साखळी येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. "तुम्ही जावा, मला व्हिडिओवर दाखवा बाळ," असं तिचं ठरलेलं उत्तर. बाबा म्हणायचे, रेल्वेने जाऊ. मला वाटलं, आधी गाडीचं काय ते बघू.

आता हा बार म्हणजे काय? इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग स्टीलची कांब. तिचा मधला आडवा भाग दोन रबरी बुशांमध्ये गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. गॅरेजमध्ये त्यांना डी-बुश म्हणतात. दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली. घरात मुलं असतील तर जाड तार यू आकारात वाकवून त्यांच्या हातात द्या, आणि मधला भाग तुम्ही सैलसर धरा. दोन्ही टोकं एकदम वर उचलली तर काही जोर लागत नाही, तार नुसती फिरते. एकच टोक उचललं तर तार पिळली जाते आणि हाताला विरोध जाणवतो. बार एवढंच करतो. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा तो गप्प. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, एक बाजू दबते, दुसरी सुटते, तेव्हा तो पिळला जातो आणि झुकणं कमी करतो. कल्पना नवी नाही, १९१९ मध्ये कॅनडात याचं पेटंट दिलं गेलं.

जाडीचं गणित मजेशीर आहे. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे १६ मिलिमीटरचा बार काढून १८ चा टाकला, तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण ताठपणा ६० टक्क्यांनी वाढतो. २० चा टाकला तर जवळजवळ अडीच पट. म्हणून "जरासा जाड" हा शब्द इथे फसवा आहे. पोकळ बारही याच गणितावर चालतो. १८ च्या बारला आतून १० मिलिमीटरचं भोक असेल तर वजन ३० टक्क्यांनी उतरतं, ताठपणा मात्र दहा टक्क्यांपेक्षा कमीच घटतो. बाहेरचा थरच खरं काम करत असतो.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढचं पटायला मला स्वतःला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. गाडी कमी झुकली म्हणजे बाहेरच्या टायरवर कमी भार आला, असं वाटतं. तसं होत नाही. समजा माणसं आणि सामान धरून गाडी १,५०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर. वळणावर बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट असेल तर सुमारे २२० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. बार जाड असो, बारीक असो, मुळीच नसो, हा आकडा जवळपास तेवढाच राहतो. तो वजन, उंची, रुंदी आणि वेग यांनी ठरतो.

मग बार काय बदलतो? त्या २२० किलोपैकी पुढच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती, ही वाटणी. ज्या बाजूचा बार ताठ, ती बाजू जास्त हिस्सा घेते. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे एक टायर खूप दबलेला आणि दुसरा हलका, यापेक्षा दोघांवर सारखा भार असताना जोडीची एकूण पकड जास्त असते. ज्या जोडीत हा फरक वाढतो, तिची पकड घटते.

आपल्या बहुतेक सेडानचं इंजिन पुढे, चाकं ओढणारीही पुढचीच. वळणावर जरा जोरात गेलं की पुढची चाकं आधी दमतात, आणि स्टिअरिंग वळवलं तरी गाडी बाहेर सरकत राहते. कंपन्या ती मुद्दामच तशी ठेवतात, कारण साध्या चालकाला हे सांभाळायला सोपं: पाय उचलला की गाडी आत येते. मागचा बार जाड केला की मागची जोडी जास्त हिस्सा घेते, पुढच्या टायरना सुटका मिळते, गाडी तत्परतेने वळते. पुढचा जाड केला तर झुकणं कमी होतं, पण बाहेर सरकणं बहुधा वाढतं. म्हणून पुढची ओढ असलेल्या गाडीत लोक आधी मागच्या बारला हात घालतात. अतिरेक केला तर मात्र मागची चाकं पुढच्यांच्या आधी सुटतात. ओल्या घाटात, उतारावर, वळणात घाबरून पाय उचलला, की गाडीची मागची बाजू बाहेर येते. ते सावरणं तुमच्या-माझ्या हातचं नाही. जुन्या गाड्यांत ईएसपीही नसतं. जुलैतला चोर्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

आणखी एक. सिटी, सियाझ, व्हर्ना यांसारख्या गाड्यांना मागे वेगळा बार शोधायला जाऊ नका. तिथे टॉर्शन बीम असतो, आणि तो बीमच पिळून बारचं काम करतो. त्याला बोल्टने जोडायची जादाची कांब मिळते, पण त्या प्रकारात बोल्टच्या जागी बीमवर किती ताण येतो हे बघणारा माणूस हवा. सिव्हिकला मागे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि बार वेगळा, त्यामुळे माझं काम सोपं होतं.

तरी बार लगेच टाकला नाही. आमच्या धंद्यात सवय असते, एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. उद्यमबागेत ज्यांच्याकडे गाडी देतो त्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, पुढचा लिंक रॉड हाताने हलवून दाखवला आणि म्हणाले, "सर, हे बघा की. आहे तो बारच काम करत नाही, नवीन घेऊन काय करणार?" लिंकचा बॉल जॉइंट खुळखुळत होता, डी-बुश झिजून अंडाकृती झाले होते. म्हणजे गाडी काही अंश झुकेपर्यंत बार नुसता मोकळा फिरत होता. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून खट-खट आवाज येतो ना, तो पुष्कळदा याच लिंकचा असतो. मागचे शॉक अॅब्सॉर्बरही गेलेले होते. लिंक, बुश, शॉक बदलले, अलाइनमेंट केलं. नुसत्या लिंक आणि बुशांचा खर्च नव्या बारच्या पाव भागातही आला नसेल, आणि निम्म्याहून जास्त फरक इथेच पडला. दहा-बारा वर्षांची गाडी असेल तर माझा आग्रह आहे, आधी हे करा. बरेचदा पुढचं काही करावंच लागत नाही.

मग दोन महिन्यांनी मागचा बार, मूळचापेक्षा एकच पायरी जाड. बुश रबराचेच ठेवले. पॉलियुरेथेनचे टिकतात, पण सिलिकॉन ग्रीस नीट लावलं नाही तर कुरकुरतात, आणि घरच्या गाडीत ती कुरकूर कोण ऐकणार? बाबा शेजारी उभे होते. कांब हातात घेऊन म्हणाले, "एवढ्यासाठी एवढे पैसे? गाडी काय आखाड्यात उतरवायची आहे काय?"

फरक पडला. एकापाठोपाठ डावं-उजवं वळण येतं तिथे गाडी आधी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पडायची, ते बरंचसं गेलं. पण जांबोटीच्या पुढे जिथे रस्त्याची एकच कड उखडलेली असते, तिथे डाव्या चाकाचा खड्डा आता उजव्या बाजूलाही कळतो. बार दोन्ही चाकांना बांधतो, त्याची ही किंमत. मागे बसलेल्या माणसाचं डोकं डावीकडे-उजवीकडे झटकलं जातं. मी एकच पायरी जाड घेतला तो यासाठी. आमच्या रस्त्यांवर दोन पायऱ्या म्हणजे आईला एका त्रासातून काढून दुसऱ्यात घालणं.

आणि आईच्या पोटाचं म्हणाल तर बार त्याला अर्धाच पुरतो. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० ने गेलात तर बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४२ पट, ३० ने गेलात तर ०.२४ पटीच्या आसपास. वेगाचा वर्ग असल्यामुळे दहा किलोमीटर कमी केले की जोर ४४ टक्क्यांनी उतरतो. इतकी करामत कुठलीही कांब करू शकत नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात एकसारखा हलका अॅक्सिलरेटर, स्टिअरिंग एकदाच आणि सावकाश. आईला पुढच्या सीटवर बसवली, फोन पर्समध्ये ठेवायला लावला, नजर लांब रस्त्यावर. चोर्ला उतरलो तेव्हा तिने "अजून किती आहे रे?" एवढंच विचारलं. दिचोलीत थांबून चहा मागितला, म्हणजे काय ते मी समजलो. येताना कुंद्याचा रिकामा डबा तेवढा ताईकडेच राहिला, त्यासाठी परत जायचं आहे असं तिचं आता चाललंय.

करणार असाल तर थोडं व्यवहाराचं. डी-बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचा भार चाकांवर असू द्या, लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना नको. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं. बसवल्यावर बार एक्झॉस्टला किंवा ब्रेकच्या पाइपला कुठे घासत नाही ना, हे दोन्ही बाजू पूर्ण वळवून आणि एक बाजू जॅकने उचलून बघायला सांगा. चारशे-पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या. मागचे टायर झिजलेले असतील तर मागचा बार जाड करूच नका, आधी टायर. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयी आहे, तेव्हा बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवलेली बरी. क्लेमच्या वेळी वाद नको. नव्या गाडीत ईएसपी असेल तर ते मूळच्या बारच्या हिशेबाने बसवलेलं असतं, म्हणून तिथे मी तरी काही बदलणार नाही.

काढलेला जुना बार फेकू नका. गाडी विकायची वेळ आली तर घेणारा मूळचाच मागतो. आमचा माळ्यावर आहे, जुन्या कपड्यात गुंडाळून.