मोठ्या ट्रकचा छोटा मालक

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही सवलत लहान वाहनांना मिळाली तशीच जड वाहनांनाही मिळाली; परंतु मूळ किंमत जितकी मोठी, तितका सवलतीचा आकडाही मोठा दिसतो. साहजिकच पिकअप चालवून संसार उभा केलेल्या अनेकांच्या मनात जुनाच विचार पुन्हा बळावला आहे. ही गाडी बदलून देऊन जड डिझेल ट्रक घ्यावा काय? प्रश्न वरकरणी खासगी आहे. तथापि ज्या कर्जावर असा ट्रक दारात येतो, त्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून पुष्कळदा नात्यातल्या एखाद्या शिक्षकाची वा कारकुनाची सही असते. १८७२ च्या करार कायद्यातील १२८ व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः मूळ ऋणकोइतकीच असते. तेव्हा ट्रकचे गणित पगारदारानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

ट्रक घेऊ पाहणारा मनुष्य अविचारी असतो, असे मुळीच नाही. पिकअप साधारणपणे दीड टन माल घेऊन लिटरमागे बारा-तेरा किलोमीटर धावते. दोन आसांचा मोठा ट्रक दहा-बारा टन माल घेतो आणि लिटरमागे पाच-सहा किलोमीटर धावतो. म्हणजे पूर्ण भरलेला ट्रक तेवढ्याच डिझेलमध्ये सुमारे तिप्पट काम करतो. हे आकडे पाहिले की पिकअप चालवणे म्हणजे केवळ डिझेल जाळणे, असे वाटू लागते.

परंतु या हिशोबातील ‘पूर्ण भरलेला’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. तोच हिशोब उलट मांडला, तर ट्रकमध्ये साडेतीन-चार टनांहून कमी माल असल्यास टनामागे डिझेलचा खर्च पिकअपपेक्षाही वाढतो. त्यात हप्ता, विमा आणि टायर यांचा खर्च धरलेलाच नाही. मग ट्रक भरण्यापुरता माल आणावयाचा कोठून, हा खरा प्रश्न होय.

पिकअपचे सामर्थ्य तिच्या लहानपणात आहे. २००५ मध्ये ‘टाटा एस’, लोकांच्या भाषेत ‘छोटा हाथी’, रस्त्यावर आली आणि लहान मालवाहू गाड्यांचे युग सुरू झाले. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे शेतातला माल थेट शहरातल्या गिऱ्हाइकाकडे नेण्याची वाट अधिक मोकळी झाली. गावातल्या चार शेतकऱ्यांचा माल पहाटे भरावा, शहराच्या गल्लीबोळांत उतरवावा आणि संध्याकाळी घरी यावे, हा पिकअपवाल्याचा दिनक्रम. माल ओळखीचा, भाडे रोख, चालक स्वतःच. कायदाही त्याच्याशी सौम्यपणे वागतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निर्वाळा दिला. याचाही लाभ त्यालाच झाला.

ट्रक घेताच हे सारे संरक्षण एकदम गळून पडते. जड वाहनाचा परवाना हवा, परमिट हवे, जोडीला क्लीनर हवा. दिवसाच्या ठराविक वेळांत मोठ्या शहरांची दारे जड वाहनांना बंद असतात. राष्ट्रीय महामार्गांवरील टोलचे २००७-०८ चे मूळ दर पाहिले, तर हलक्या मालवाहू वाहनास किलोमीटरला १ रुपया ५ पैसे आणि दोन आसी ट्रकला २ रुपये २० पैसे, म्हणजे दुपटीहून अधिक. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरील ट्रकांत चालकासाठी वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तिचाही भार किमतीवर पडणारच.

सर्वांत मोठा बदल होतो तो माणसाच्या स्थानात. दहा टन माल गावात मिळत नाही. त्यासाठी ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर दलालाकडे जावे लागते. भाडे दलाल ठरवतो, दलाली कापून घेतो आणि उरलेल्या रकमेसाठी थांबावे लागते. परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकामे फिरावे, नाहीतर मिळेल त्या दराने माल भरावा. जून २०१७ पासून डिझेलचा दर रोज ठरतो. भाडे मात्र त्याच्याबरोबर रोज वाढत नाही. महिन्याच्या हप्त्याला तर रिकाम्या दिवसांची दयामाया नसतेच. काल स्वतःच्या मर्जीचा धनी असलेला पिकअपवाला अशा रीतीने मोठ्या ट्रकचा छोटा मालक होतो. हप्ता भागवण्यासाठी मग क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे आणि झोप सोडून गाडी हाकणे ओघानेच येते. त्याची किंमत त्याच्याबरोबर रस्त्यावरच्या इतरांनाही मोजावी लागते.

शिवाय एका सरकारी अधिसूचनेने सारा हिशोब कसा पालटतो, याचे उदाहरण फार जुने नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. दोन आसी ट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. तेवढाच माल वाहण्यास कमी ट्रक पुरू लागले. त्यातच मंदी आली, वित्तसंस्थांकडील पैसा आटला आणि २०१९-२० मध्ये जड ट्रकांची विक्री कोसळली. अशा वेळी पन्नास ट्रकांचा मालक दहा ट्रक उभे करून तग धरतो. ज्याच्याकडे एकच ट्रक, त्याने काय उभे करावे?

याचा अर्थ पिकअपवाल्याने जन्मभर पिकअपच चालवावी, असा नव्हे. वर्षातले बहुतेक दिवस भरतील इतका माल देणारे गिऱ्हाईक लेखी बांधलेले आहे, परतीच्या मालाची सोय आहे आणि दोन-तीन महिने ट्रक उभा राहिला तरी हप्ता भरता येईल एवढी शिल्लक गाठीशी आहे, या तीन अटी पुऱ्या होत असतील तर ट्रक अवश्य घ्यावा. त्या पुऱ्या होत नसतील, तर कराच्या सवलतीला भुलून उलाढाल वाढेल, मिळकत वाढेलच असे नाही.

दुसरी वाटही आहे, आणि ती महाराष्ट्राला अपरिचित नाही. दूध संघांनी आधी गावोगावचे दूध एकत्र केले आणि मगच मोठे टँकर भरले. भाजीपाला व धान्य यांच्या बाबतीत शेतकरी संस्थांना हेच करता येण्याजोगे आहे: गावापासून संकलन केंद्रापर्यंत पिकअप, तेथून पुढे सामाईक ट्रक. पतसंस्थांनी आणि बँकांनीही केवळ जामीनदाराचा पगार पाहून कर्ज देण्याऐवजी अर्जदाराच्या हाती मालाचा करार आहे काय, हे आधी विचारावे. जामीनदाराने तर सही करण्यापूर्वी हाच एक प्रश्न विचारावा. माल आधी आणि ट्रक नंतर, हा क्रम उलटला की ट्रक कर्जदाराच्या नावावर राहतो आणि कर्ज जामीनदाराच्या दाराशी येऊन उभे राहते.